सतरा नंबरची गाडी

४ ऑक्टोबर, सोमवार

आणली एकदाची! अंगणात उभी आहे आणि मी खिडकीतून तिच्याकडे बघत लिहिते आहे. गोल्फच्या मैदानावरची जुनी विजेची गाडी. मैदान बंद पडलं, गाड्या विकायला निघाल्या, मिस्त्रीने चार घेऊन दुरुस्त केल्या, त्यातली ही एक. पांढरी होती म्हणे. आता सायीच्या रंगाची झालीय. अंगावर निळ्या रंगात १७ लिहिलंय. छत आहे, दारं नाहीत. सीट उचलली की खाली सहा बॅटऱ्या ओळीने बसलेल्या.

मिस्त्रीने मागची सीट काढून फळ्यांची पेटी बसवली आणि खाली ट्रॉली ओढायला हुक वेल्ड करून दिला. म्हणाला, "ताई, पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज नाही. हिचं पाणी बघत जा. आणि ओझं असताना चढावर मध्येच थांबू नका, एवढं लक्षात ठेवा."

सगळ्यांना सांगितलं, सामान वाहायला घेतली. खोटं नाही ते. घरापासून तळ्याकाठच्या शेडपर्यंतची वाट उताराची आणि अरुंद, मोटार जात नाही, आणि लाकडं खांद्यावरून नेऊन नेऊन माझी मान गेलीय. पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू — निदान या वहीत तरी? गाडी यांच्यासाठी घेतलीय. झटका येऊन अकरा महिने झाले. उजवा हात, उजवा पाय अर्धाच चालतो, शब्द एकेक करून येतात. घरात काठीने फिरतात, पण खाली शेडमध्ये एकदाही गेले नाहीत. तीस वर्षं नावा बांधणारा माणूस वरच्या खोलीत खुर्चीत बसून तळं बघतो. चार माणसं धरून नेऊ म्हटलं तर म्हणाले, "मी... पोतं नाही."

गाडीत बसून जातील. बसूनच तर जायचंय!

५ ऑक्टोबर, मंगळवार

कुंपणात घातली.

मी आयुष्यात काही चालवलं असेल तर ती नाव. नावेत सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की नाव डावीकडे वळते, हे माझ्या हाडात गेलंय. डावीकडे वळण आलं, मी चाक उजवीकडे फिरवलं आणि गाडी शांतपणे, काही न बोलता, झुडपात शिरली. मिस्त्री पोट धरून हसला. वर खिडकीत हे बसले होते. हसले की नाही ते दिसलं नाही.

७ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊजी येऊन गेले. शेड दोघा भावांच्या नावावर, तेव्हा त्यांना विचारायचा हक्क आहे, मी नाही म्हणत नाही. पलीकडच्या काठावरच्या हॉटेलवाल्याला पायडल मारायच्या बोटी ठेवायला जागा हवीय. प्लास्टिकचे राजहंस! माना वाकवलेले, डोळ्यांना पापण्या काढलेले. ते आमच्या शेडमध्ये राहणार, आणि यांनी अर्धवट टाकलेली नाव कुठे जाणार, तर बाहेर पावसापाण्यात.

भाऊजी वाईट नाहीत. दमलेत. म्हणाले, "वहिनी, मी तरी किती दिवस त्याला थोपवून धरू? पंधरा नोव्हेंबरला उत्तर द्यायचंय. दादा त्याआधी खाली उतरला, कामाला हात लावला, तर मी स्वतः त्या माणसाला नाही म्हणून सांगतो. पण बंद शेडला कुलूप लावून मी काय करू?"

हे ऐकत होते.

म्हणजे साडेपाच आठवडे. साडेपाच आठवड्यांत या माणसाला तीनशे पावलं खाली न्यायचंय. बाकी मला काही नको.

१० ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं ते कुणाला सांगायचं नाही. इथे लिहिते.

तळ्यावर राहणाऱ्या माणसाला कुठलीही गोष्ट मोकळी सोडून झोप येत नाही. नाव बांधायची, वल्ही बांधायची, बादलीसुद्धा बांधायची. तर मी रोज गाडी फाटकाच्या खांबाला दोरीने बांधते. पक्की गाठ. आज सकाळी धुक्यात निघाले, बसले, पायाने दाबलं, गाडी निघाली. बरीच मजा वाटत होती. मागून काहीतरी घासत येतंय असं वाटलं. बघते तर खांब! खांब आणि त्याच्यामागे अर्धं फाटक, माझ्यामागून कुत्र्यासारखं येतंय.

दुपारभर खड्डा खणून खांब परत रोवला. गाडीला ओढायची ताकद आहे एवढं कळलं.

१३ ऑक्टोबर, बुधवार

बॅटऱ्यांनी आंबट वासाचं पाणी ओकलं. मी आपल्या त्या काल काठोकाठ भरून ठेवल्या होत्या, पाहुण्याला पेला भरून द्यावा तशा. मिस्त्री म्हणाला, "आधी चार्ज करायचं, मग पाणी. आणि पट्ट्या बुडतील एवढंच. चार्ज होताना पाणी फुगतं, त्याला जागा नको का?" सगळं सोडा घालून धुतलं. बोटं अजून चुरचुरतायत.

रात्री जास्त घालून सकाळी ओकायला लावणं — यांच्या औषधाचंही पहिल्या महिन्यात मी असंच केलं होतं. चांगलं व्हावं म्हणून घाई, दुसरं काय.

१६ ऑक्टोबर, शनिवार

आज विचारलं.

गाडी धुतली, पुसली. सीटवर जुनी शाल घडी करून ठेवली. डाव्या बाजूला धरायला दांडा बसवून घेतला होता मिस्त्रीकडून. वर गेले आणि म्हटलं, "अहो, चला ना जरा. खाली पाणी किती स्वच्छ झालंय बघा."

"नको."

"पाच मिनिटं. नुसतं शेडच्या दारापर्यंत. उतरूही नका."

"नको म्हटलं."

कारण? नाही. खाली आले, शाल घरात आणली. मग रिकामीच गाडी घेऊन शेडपर्यंत गेले आणि रिकामीच परत आले.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

हे लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या वाटेल स्वप्न होतं.

सकाळी धुकं एवढं की गाडीचं तोंड दिसत होतं, पुढे काही नाही. पेटीत कधीपासून घरात पडून असलेल्या फळ्या आणि राळेचा डबा. आवाज नसल्यामुळे मी कुठे जातेय असं वाटतच नाही. मी खुर्चीत बसलेय आणि झाडं एकेक करून भेटायला येतायत, भेटून मागे जातायत. वाटेच्या वळणावर बगळा उभा होता. नेहमी माणसाची चाहूल लागली की उडतो. आज उभाच. मी त्याच्यापासून हाताच्या अंतरावरून गेले, त्याने एक डोळा माझ्याकडे केला आणि पुन्हा पाण्याकडे. त्याच्या लेखी मी धुक्याचाच एक तुकडा असणार.

शेडमध्ये दार उघडून बराच वेळ बसून राहिले. यांची नाव मधोमध. कणा झाला, फासळ्या झाल्या, डाव्या अंगाला चार फळ्या, उजव्या अंगाला एकच. अकरा महिन्यांची धूळ. सव्वीस वर्षं मी इथे फळीचं दुसरं टोक धरून उभी राहिले. हे ठोकायचे, मी धरायची. त्या उभं राहण्याचा मला कधी कंटाळा आला नाही, हे आज नवलाचं वाटलं.

धूळ पुसली. का पुसली, माहीत नाही.

२० ऑक्टोबर, बुधवार

आजही नको.

२३ ऑक्टोबर, शनिवार

आज मात्र हसून हसून पुरेवाट झाली.

निवृत्त पोस्टमास्तर पलीकडच्या काठावर राहतात. त्यांची छोटी नाव दोन वर्षं गळतेय. सकाळी तेच वल्हवत आले — एका हाताने वल्हं, दुसऱ्या हाताने डब्याने पाणी उपसतायत! अर्धी नाव तळ्यात आणि अर्धं तळं नावेत. "वहिनी, आता हिला बाहेर काढा, नाहीतर मला आत पाठवा."

पूर्वी दोन गडी दोरांनी ओढायचे. ते गेले दुसरीकडे कामाला. आता ट्रॉली गाडीला जोडायची, उताराने उलटी पाण्यात न्यायची, नाव तिच्यावर घ्यायची आणि ओढून काढायची. भाऊजी आलेले होतेच. म्हणाले, "तुम्ही सरका वहिनी, वीस वर्षं मोटार चालवतोय मी."

बसले. गाडी मागे घेतली, ट्रॉली डावीकडे. चाक फिरवलं, ट्रॉली आणखी डावीकडे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे, ट्रॉली उजवीकडच्या वेलींत. मागे जाताना गाडी बीप बीप करते, ते बीप अर्धा तास चाललं होतं. शेवटी ट्रॉली गाडीच्या काखेत शिरली आणि भाऊजी उतरून रुमालाने मान पुसत म्हणाले, "उतारच वाकडा आहे." नाचता येईना, अंगण वाकडं!

मी बसले. मागे वळून ट्रॉलीकडे बघितलं. तिला डावीकडे न्यायचं, म्हणून हात आपोआप उजवीकडे गेला, सुकाणूला जातो तसाच. आणि ती गेली! सरळ, हळू, पाण्यात, चाकं बुडेपर्यंत. एकदाही थांबले नाही. पुढे जाताना जी सवय कुंपणात घालते, तीच मागे जाताना कामाची. पोस्टमास्तर म्हणाले, "या बाई पुढे बघून शिकल्या नाहीत, मागे बघून शिकल्या."

नाव आता शेडमध्ये उलटी करून वाळत ठेवलीय. भाऊजींनी जाताना विचारलं, "काढलीत खरी. दुरुस्त करणार कोण?"

मी म्हटलं, "बघू." यांना खाली आणायला आणखी एक निमित्त झालं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

संध्याकाळी हे स्वतःहून बोलले. "डावं... चाक. हवा कमी." ट्रॉलीचं डावं चाक खरंच बसलं होतं. म्हणजे सगळं बघत होते!

२५ ऑक्टोबर, सोमवार

एवढं बघायचंय तर खाली यायला काय होतं? विचारलं नाही. हवा भरून आले.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

आज सगळं क्रमाने लिहिते.

माझ्या डोक्यात काल आलं: हे नावेकडे येत नाहीत, तर नाव यांच्याकडे नेऊ. अर्धवट नाव ट्रॉलीवर चढवायची आणि ओढत अंगणात, खिडकीखाली आणून उभी करायची. हाताच्या अंतरावर आली की तो हात थांबणार नाही. मला अगदी चित्र दिसत होतं. काठी टेकत जिना उतरतायत, डाव्या हाताने फळीवरून हात फिरवतायत.

बॅटऱ्या रात्रीतून पूर्ण चार्ज. पोस्टमास्तर मदतीला. नाव बांधली, चार दोर. निघालो. पहिला चढ छान. गाडी धापा टाकत नाही, म्हणून ती दमतेय हे कळतच नाही — नुसती हळू होत जाते, झोप आल्यासारखी. बगळ्याच्या वळणावर नावेची फासळी झाडाच्या फांदीला अडली. मी घाबरून पाय उचलला. थांबले! चढावर, ओझ्यासकट, मध्येच. मिस्त्रीने सांगितलेली एकच गोष्ट.

पुन्हा दाबलं. गाडी हूं म्हणाली आणि जागची हलेना. मग इंचभर मागे. मग आणखी. पोस्टमास्तर मागून खांदा लावत होते, त्यांना ओरडून बाजूला काढलं. वर जाणं शक्य नव्हतं. खाली जायचं तर पावणेदोनशे पावलं उलटं, वळणासकट, आणि चुकलं तर नाव, गाडी आणि मी, तिघी तळ्यात.

ब्रेक थोडा सोडायचा, थोडा धरायचा. मागे बघत राहिले. सगळं एकदम फार शांत झालं. नावेचं टोक वाटेच्या मधोमध ठेवायचं, बस. जणू मीच नावेत बसलेय आणि वाट पाण्यासारखी माझ्याखालून वर वाहतेय. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. शेडच्या दारात थांबले आणि ब्रेक पक्का लावला. नावेला एक ओरखडा, बाकी काही नाही.

घरी येऊन यांच्यासमोर बसले आणि रडले. आवरलंच नाही. यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "मागे... सरळ. छान."

छान! वर आणायला निघाले होते आणि मागे सरळ गेले म्हणून कौतुक. राग आला, उठून गेले.

३० ऑक्टोबर, शनिवार

पोस्टमास्तरांची नाव वाळली. ते रोज येऊन बघतात, बिचारे. आज मीच म्हटलं, "सुरू करते."

"कोण?"

"मी."

त्यांनी चष्मा काढून पुसला. नाही म्हणाले नाहीत.

फटीतला जुना दोरा उकरून काढायचा, नवा सुती दोरा पिळून बसवायचा, छिन्नी आणि लाकडी हातोड्याने ठोकायचा, वर राळ. हजार वेळा बघितलंय. हातोडा हातात घेतला तर तो यांच्या मुठीच्या आकाराने झिजलेला. माझी मूठ त्यात सैल बसली.

१ नोव्हेंबर, सोमवार

दिवसभरात एक हात लांबीची फट. अंगठा सुजला.

२ नोव्हेंबर, मंगळवार

काल रात्री जेवताना हे म्हणाले, "तिसरी फळी. पोकळ."

मला आधी कळेना. मग सुचलं. गाडीचा आवाज नाही, वाटेवर दुसरं कुणी नाही, आणि पाण्यावरून ठोकल्याचा आवाज वरपर्यंत जातो. हे खुर्चीत बसून ऐकतायत! दोरा नीट बसला की हातोड्याचा आवाज भरीव येतो, नाही बसला की पोकळ. हे मला माहीत होतं, पण यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती.

सकाळी जाऊन तिसऱ्या फळीची फट उकरली. आत बोटभर जागा रिकामी.

४ नोव्हेंबर, गुरुवार

"राळ. गरम जास्त."

"तुम्हाला वास येतो वरपर्यंत?"

मान हलवली. मग हसले! अर्धंच हसू येतं आता, डाव्या बाजूचं. बाकीचं मी मनात पुरं केलं.

मी म्हटलं, "मग खाली येऊन का नाही सांगत?" हसू गेलं. खिडकीकडे तोंड.

७ नोव्हेंबर, रविवार

स्वप्न पडलं. सतरा नंबर तळ्यावरून चालली होती. चाकं पाण्याला नुसती टेकत होती. मागे ट्रॉली, ट्रॉलीवर आमचं घर, खिडकीत हे. मी मागे बघून चालवत होते आणि घाबरले नव्हते. एवढंच.

जाग आली तर पहाट झाली होती, चार्जर गुणगुणत होता आणि हात हातोडा धरल्यासारखा मिटलेला.

खरं सांगायचं तर आताशा सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यांचा येत नाही, फटींचा येतो. किती उरल्या, कुठला दोरा. मग यांची आठवण येते आणि अपराध्यासारखं वाटतं. पंधरा तारीख आठ दिवसांवर आलीय आणि मी खाली उगाच रमलेय!

१० नोव्हेंबर, बुधवार

पोस्टमास्तरांची नाव पाण्यात सोडली. मीच उलटी नेली ट्रॉली, एका दमात. भाऊजी बघायला आले होते, हात मागे बांधून.

आणि पाणी आलं आत! पोस्टमास्तरांचा चेहरा पडला. भाऊजी म्हणाले, "राहू दे वहिनी. प्रयत्न केलात, हे काय कमी आहे." दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी मान खाली घातली असती. पण पाणी फळ्यांमधून घामासारखं येत होतं, धार कुठेच नव्हती. मी म्हटलं, "लाकूड अठरा दिवस कोरडं होतं. रात्रभर पिऊ दे त्याला. फुगलं की थांबेल."

हे इतकं ठामपणे कोण बोललं, असं मी स्वतःच वळून बघितलं.

११ नोव्हेंबर, गुरुवार

कोरडी! तळाला हात फिरवला, बोट ओलं झालं नाही. पोस्टमास्तर दोन्ही हातांनी वल्हवत गेले. डबा इथेच विसरले.

१३ नोव्हेंबर, शनिवार

पोस्टमास्तरांच्या तोंडात तीळ भिजत नाही. पलीकडच्या काठावर बातमी पसरली आणि आज दोघं आपापल्या नावा घेऊन आले. ओढून काढल्या, शेडमध्ये ठेवल्या. यांच्या नावेच्या दोन्ही बाजूंना दोन. शेड भरल्यासारखी दिसतेय.

आणि काय उपयोग? परवा सोमवार.

१४ नोव्हेंबर, रविवार

भांडले. लिहायला लाज वाटते, पण भांडले.

सकाळी पुन्हा सीटवर शाल घालून गाडी दारात लावली. म्हटलं, "उद्या भाऊजी येणार. काम करू नका. हात लावू नका. फक्त एकदा गाडीत बसून खाली या, भाऊजींना दिसा. माझ्यासाठी."

"नाही."

"तुम्हाला त्या शेडचं काहीच वाटत नाही?"

"वाटतं."

"मग मी मेहनत घेतेय ती दिसत नाही?"

"दिसते."

"मग?"

मी म्हणाले, "तीनशे पावलं तुम्हाला माझ्यासाठी येता येत नाहीत." आणि म्हणाले, की तुम्ही आजारी नाही, हट्टी आहात. म्हणाले, की मला तुमची चीड येते. हे सगळं मी म्हणाले. ते ऐकत राहिले. डोळे भरले त्यांचे, पण मान हलली नाही.

दुपारी शेडमध्ये जाऊन नव्याने आलेल्या एका नावेची फट उकरायला घेतली. दोन तास भान नव्हतं. मग आठवलं की परवापासून इथे राजहंस येणार, आणि अवजारं पेटीत भरून ठेवली. छिन्न्या कापडात गुंडाळल्या. राळेचं झाकण घट्ट लावलं. घरी येताना वाटेवर गाडी इतकी हळू चालवली की चालत आले असते तर लवकर पोचले असते. सव्वीस वर्षं आणि हे सोळा दिवस, त्यात मला जास्त दुःख कशाचं होतंय ते मला कळेना.

१५ नोव्हेंबर, सोमवार

भाऊजी आले. उभ्या उभ्याच विचारलं, "दादा, खाली उतरणार की नाही, तेवढं सांग."

"नाही."

मी चहा ठेवायला वळले. मागून यांचा आवाज आला. वर्षभरात एवढं कधी बोलले नव्हते, एकेक शब्द ओढून काढत होते.

"खाली... कारागीर आहे. नावा... येतायत. हॉटेलवाल्याला नाही... म्हणून सांग."

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. मी यांच्याकडे.

"मी उतरलो असतो," हे मला म्हणाले, "तर तू... हातोडा माझ्या हातात दिला असतास. आणि फळी धरून... उभी राहिली असतीस. म्हणून... नाही उतरलो."